सकाळच्या फोनला उत्तर

"पोरगी इतक्यात आणू नकोस," फोनमधून डॉक्टर करुणा म्हणाल्या आणि शिवकन्याचा चेहराच उतरला.

आज तिनं मुद्दाम सगळ्यांना ओसरीवर बसवलं होतं. सासरा सोनाजी, सासू गोजरबाई, नवरा बालाजी. फोनचा आवाजही मोठा ठेवला होता. नांदेडच्या डॉक्टरनं 'शिवकन्या बरी झाली' एवढं सगळ्यांच्या कानावर घातलं असतं, तर कोणाला तोंड उघडायला जागा उरली नसती.

बाळंतपणानंतर तिचं मन पार बिघडलं होतं. जेवायची नाही, रडत बसायची, लेकीला जवळ घ्यायलाही भ्यायची. कुरुंदा गावानं तिला येडी ठरवायला वेळ लावला नाही. सोनाजीनं हुकूम सोडला आणि गोजरबाईनं आपल्या हातानं तान्ही पोर दुपट्यात गुंडाळून गोरेगावला बालाजीच्या बहिणीकडं, मिराबाईकडं, नेऊन घातली. तेव्हा म्हातारीच्या डोळ्यांत टिपूस नव्हता. शिवकन्याला याचाच सगळ्यात जास्त राग होता. पण ती हात बांधून बसणाऱ्यातली नव्हती. नांदेडला तिला कोणी जाऊ देणार नव्हतं, म्हणून गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईकडून नंबर मिळवून तिनं फोनवरच डॉक्टर गाठली. फोनवर बोलली, गोळ्या सुरू केल्या, माणसात आली.

डॉक्टरांच्या दवाखान्याची एक पद्धत होती. रोज सकाळी पेशंटला आपोआप फोन जायचा. रेकॉर्ड केलेला एका बाईचा आवाज मायेनं विचारायचा, "काल झोप लागली का? लागली असेल तर एक दाबा, नसेल तर दोन." मग जेवणाचं विचारायचा, मनाचं विचारायचा. हळद शिजवायचे दिवस आले तशी शिवकन्या दिवस उगवताच नवऱ्याबरोबर शेतात जायला लागली. सुनेनं फोन घेऊन शेतात जायचं नाही, ही त्या घराची रीत. फोन कोनाड्यात राहायचा. आपल्याला बरं वाटू लागलं, म्हणून दवाखान्यानं विचारणं बंद केलं असेल, असं ती धरून चालली होती.

"काहून आणू नये?" तिनं आवाज चढवून विचारलं.

"अगं, तुझी रोजची उत्तरं माझ्यासमोर आहेत. झोप नाही, जेवण जात नाही. आज तर जगणं नकोसं वाटतं, असं उत्तर आलंय. सकाळपासून मी तुला फोन लावतेय."

"मी एकबी उत्तर दिलेलं न्हाई!"

सकाळी घरात एकच माणूस असायचं. शिवकन्यानं वळून सासूकडं बघितलं. "आत्याबाई, तुमी दाबलं व्हय?"

"व्हय," गोजरबाई म्हणाली.

शिवकन्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझं लेकरू माझ्याजवळ येऊ नये म्हनून? एवढा दावा?" ती उभीच राहिली. "मॅडम, आत्ता इथंच इचारा मला. सगळ्यांच्या म्होरं. माझं तोंड हाय, मी बोलते."

डॉक्टरांनी विचारलं. आडवंतिडवं, फिरून फिरून विचारलं. शिवकन्यानं धडाधडा सांगितलं. झोप लागते. भूक लागते. हात पोरीवाचून रिकामे वाटतात, अन् पोरगी दिली न्हाई तर मी स्वतः जाऊन आणीन.

"आण," डॉक्टर हसल्या. "आजच आण. मी सांगितलं म्हणावं."

शिवकन्यानं सगळ्यांवरून नजर फिरवली. बघा, म्हणावं. पण डॉक्टरांचा आवाज लगेच बदलला. "फोन ठेवू नकोस. दावा साधायला कोणी उत्तरं दिली, तर रोज सारखीच देईल. ही तशी नाहीत. एखाद्या दिवशी चार घास गेलेत, एखाद्या रात्री डोळा लागलाय. कोणीतरी नीट विचार करून खरं सांगितलंय."

गोजरबाई पदराचं टोक चुरगाळत राहिली.

"खोटं न्हाई दाबलं म्या," ती शेवटी म्हणाली. "मला वाटलं, घरातल्या समद्यांसाठीच हाय तो फोन. ती बाई लई मायेनं इचारायची. झोप लागली का म्हनून मला आजवर कोनी इचारलं न्हाई."

"बंद कर ते!" सोनाजी गरजला. "घरात एक येडी कमी पडली काय?"

"न्हाई बंद करत," शिवकन्या म्हणाली. तिचा राग आता दुसऱ्याच माणसावर होता. ती सासूच्या शेजारी, मांडीला मांडी लावून बसली आणि फोन तिच्या तोंडासमोर धरला. "आत्याबाई, बोला तुमी. कोन अडवते ते बघते मी."

"मावशी," डॉक्टरांनी हळूच विचारलं, "कधीपासून झोप नाही तुम्हाला?"

सोनाजीनं खाकरून बघितलं. गोजरबाईनं त्याच्याकडं लक्षच दिलं नाही. तिनं बालाजीकडं बोट केलं.

"मलाबी असंच येडी म्हनून, ह्याला माझ्या वटीतून उचलून नणंदंकडं नेऊन घातला हुता, तवापासून. अन् तू काय बघत बसला रे? ऊठ, हिची पोरगी घेऊन ये!"