मोडीतला शिवा

बेव्हर्ली पार्कातल्या प्रधानकाकांनी मोबाइल नाकाजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. समोर सुभाष सोफ्याच्या कडेला बसला होता. काकांची सगळी नोकरी ठाण्याच्या कचेरीत जमिनीचे जुने कागद वाचण्यात गेलेली. मोडी वाचणारा दुसरा माणूस मीरा रोडमध्ये असलाच तर सुभाषला तो माहीत नव्हता.

फोटोतला कागद गावच्या घरातला, जुना आहे, असं त्याने आल्याआल्याच सांगून ठेवलं होतं.

"तुमच्या गावाला पूर्वीपासून फुलस्केप वही मिळते वाटतं," काका म्हणाले. "समासाची लाल रेघ दिसतेय."

सुभाष नुसताच हसला. संशयाने पछाडलेल्या माणसाला खोटंसुद्धा धड बोलता येत नाही.

वही त्याच्या मुलीची होती, दिव्याची. ती विद्यापीठात लेखनाच्या इतिहासाचा अभ्यासक्रम करत होती. सुरुवातीला त्यालाही कौतुक होतं. रोज जेवताना काहीतरी नवं ऐकायला मिळे. माणूस आधी ओल्या मातीवर लिहायचा म्हणे. मोडीत म्हणे आधी ओळभर रेघ मारतात आणि मग अक्षरं तिच्यावर कपड्यांसारखी वाळत घालतात, हात न उचलता, दोन शब्दांत जागा न सोडता. सुभाष भाकरी मोडत हं हं करायचा. मग बाईंनी वर्गाला सांगितलं, रोज घरातलं काहीबाही मोडीत लिहून आणा. तेव्हापासून दिव्या दार लोटून लिहायला बसू लागली, बोटांना शाई लावून जेवायला येऊ लागली आणि मधूनच स्वतःशी हसू लागली. इथे सुभाषचं बिनसलं. सरळ मराठी येत असताना कोणाला वाचता येऊ नये असं लिहायचं कशाला? कर नाही त्याला डर कशाला, असं तो बायकोला म्हणालाही. आशाने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि कुकर लावायला घेतला.

त्यात पुण्याची सहल निघाली. जुनी दप्तरं बघायला चार दिवस, सगळा वर्ग. जाऊ का, म्हणून दिव्याने तीनदा विचारलं होतं. रविवारी सांगतो, असं म्हणून त्याने तीनदा टाळलं होतं. आज रविवार होता.

शुक्रवारी मायलेकी शांती नगरात खरेदीला गेल्या, तेव्हा त्याने दिव्याची बॅग उघडली. ही काही त्याची पहिली वेळ नव्हती. वहीच्या मागे मुळाक्षरांचा तक्ता चिकटवलेला होता. त्यावर बोट ठेवून ठेवून तो एकेक अक्षर लावत गेला. अर्ध्या तासात दोन अक्षरं जमली. शि. वा. खालच्या ओळीत पुन्हा शि, पुन्हा वा. पानावर चार ठिकाणी शिवा. चौथ्या शिवाच्या जरा पुढे 'जाणार' लागलं, आणि तेवढ्यात लिफ्ट थांबल्याचा आवाज आला. त्याने घाईघाईने पानाचा फोटो काढला, वही होती तशी ठेवली आणि बॅगेची चेन नीट ओढून घेतली.

शिवा नावाचा एकच माणूस त्याला माहीत होता, काशीमीराला गॅरेजमध्ये काम करणारा. दिव्याची स्कूटी त्याच्याकडेच जायची. दोन महिन्यांत तीनदा गेली होती. तेव्हा सुभाषने बिचाऱ्या ब्रेकना दोष दिला होता.

"वाचू का मोठ्याने?" काकांनी विचारलं.

"वाचा काका. असेल ते असेल."

काका जुन्या सवयीने एका सुरात वाचू लागले. "'आज भाजीत मीठ कमी होतं. आईशिवाय कोणाच्या लक्षात आलं नाही. बाबांना चष्म्याशिवाय दिसत नाही आणि संशयाशिवाय जेवण जात नाही.'"

सुभाषला ते लागलं. पण त्याला अजून शिवा हवा होता. तो उठला आणि पडद्यावर बोट ठेवून म्हणाला, "हा बघा. इथे शिवा लिहिलंय ना?"

काकांनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. "शिवाय आहे ते. आईशिवाय, चष्म्याशिवाय. मोडीत शब्द तोडत नाहीत, सुभाषराव. वाचणाऱ्याने तोडायचे असतात."

"आणि ते जाणार?"

काकांनी ओळ शोधली. "'पुण्याला जायची फार इच्छा आहे. पण बाबांच्या परवानगीशिवाय जाणार नाही.'"

सुभाषला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली. घरी जाऊन हो म्हणून टाकायचं आणि बाकी तोंडातून अक्षर काढायचं नाही, असं त्याने तिथल्या तिथे ठरवलं. मोबाइल घ्यायला त्याने हात पुढे केला.

"थांबा, खाली थोडं राहिलंय," काका म्हणाले, आणि त्याच सुरात त्यांनी वाचलं, "'बाबा, बॅगेची चेन तुम्ही शेवटपर्यंत लावता. मी कधीच लावत नाही. हे पान ज्यांनी तुम्हाला वाचून दाखवलं, त्यांना माझा नमस्कार सांगा.'"

काकांनी मोबाइल परत दिला, चष्मा काढून खिशात ठेवला आणि ते सुभाषला दारापर्यंत सोडायला आले.

"नमस्कार पोचला म्हणून तिला सांगा," ते म्हणाले. "आठवणीने."