कंदिलाभोवतीचे रंग

बासष्ट सालच्या उन्हाळ्यात, ढाणकीजवळच्या तांड्यावर, जमनीला दिवेलागणीला कंदिलाभोवती रंगांचं गोल कडं दिसू लागलं. तिचा नवरा देवीलाल तांड्याचा भगत होता. "देवी आली तुह्या डोयात," तो म्हणाला, आणि लोक जमनीच्या पाया पडायला येऊ लागले.

कडं दिसलं की तिचं डोकं ठणकायचं, उलट्या व्हायच्या. "मले दवाखान्यात ने ना," ती विनवायची.

"देवी आली अन् तू सुई टोचून घेतं काय? कोपन ना ते!"

पोळ्याच्या आधी तिला चुलीतला जाळही दिसेनासा झाला, तेव्हा कुठे त्याने तिला एस.टी.त बसवून उमरखेडला नेलं.

डॉक्टरांनी डोळे तपासले. जमनीला बाहेर बाकावर बसवून ते देवीलालला म्हणाले, "काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब वाढला की बुबुळावरचा पारदर्शक पडदा सुजतो, आणि त्यातून येताना उजेड फुटतो. म्हणून तिला ते रंग दिसत होते. तेव्हाच आणलं असतं, तर डोळे वाचले असते. आता उपाय नाही."

देवीलाल बाहेर आला. पावलं ओळखून जमनीने हात पुढे केला. "काय म्हणे डाक्तर?"

त्याने तिचा हात घट्ट धरला.



"डाक्तर म्हणे, देवीनंच मागून घेतले तुहे डोये."