शेडची किल्ली

लाल पिकअप गाडी फाटकातून आत वळली आणि नोरीनने धावत जाऊन दाराला कडी घातली. गाडी रॉयसचीच होती. सकाळचे नऊ वाजले होते, आणि तिचा नवरा वेंडेल आतल्या खोलीत बूट चढवत होता.

पाच आठवड्यांपूर्वी रॉयसचा धाकटा भाऊ ग्लेन धान्याच्या टाकीत गाडला गेला. घट्ट झालेला गहू मोकळा करायला तो आत उतरला होता. तो बाहेर आला असं समजून वेंडेलने गहू खाली ओढणारं यंत्र सुरू केलं. वीस वर्षं ग्लेन आणि वेंडेल एकाच ठिकाणी कामाला, एकमेकांच्या डब्यातलं हक्काने खाणारे. दफनाच्या वेळी रॉयस सगळ्या गावासमोर ओरडला होता, "माझा भाऊ मारलास तू! बघून घेईन तुला!" आता अमेरिकेतल्या कॅन्ससच्या त्या भागात कंबरेला पिस्तूल नसलेला पुरुष शोधावाच लागतो, आणि रॉयसकडे तर चार होती. निम्म्या गावाला पिस्तूल हाताळायला त्यानेच शिकवलं होतं. वेंडेललाही.

पिस्तुलाच्या बाबतीत वेंडेल भलताच सोवळा. कामावरून आला की टोपी खुंटीला अडकवायची आणि थेट कपाटापाशी जायचं. पिस्तुलाची नळी भिंतीकडे धरायची. गोळ्यांचं मॅगझिन काढायचं, वरचा भाग मागे ओढायचा, आत एखादी गोळी राहिली नाही ना हे आधी डोळ्यांनी बघायचं, मग करंगळी घालून चाचपायचं. पिस्तूल लोखंडी पेटीत, गोळ्या दुसऱ्या कुलपात. हात धुवून मगच जेवण. "रिकामं असलं तरी भरलेलंच समजायचं," असं तो दहादा ऐकवायचा. नोरीन चिडवायची, "माझ्याकडे कधी एवढं निरखून बघितलंस का रे?"

पण या पाच आठवड्यांत त्याचं सगळं उलटंच चाललं होतं. आधी त्याने पिस्तूल कंबरेला लावणं सोडलं. मग गोळ्या घरातून उचलून अंगणापलीकडच्या ट्रॅक्टरच्या शेडमध्ये नेऊन ठेवल्या. मग शेडची किल्ली तिच्या हातात दिली.

"लपवून ठेव. कुठे ते मलाही सांगू नकोस."

ती भडकली. "अरे, तो रॉयस दारात उभा राहिल्यावर मी गोळ्या आणायला शेडकडे पळू का? तहान लागली की विहीर खणायला घेणार तू!"

"वाद नको, नोरीन. मला झोप नाही," एवढंच तो म्हणाला.

झोप तिला तरी कुठे होती! रस्त्यावर एखादी गाडी हळू झाली की ती उठून खिडकीशी जायची. वेंडेल जेवणाला हात लावत नव्हता. शेजारणींनी आणून दिलेले बटाट्याचे, कोंबडीचे पदार्थ फ्रीजमधून सरळ कचऱ्यात जात होते. परवा त्याने फ्रीजच्या दारावर एक कागद चिकटवला. त्यावर घर गरम करणारी भट्टी कशी पेटवायची, पंप बिघडला तर कोणाला बोलवायचं, छपराच्या पन्हळी कधी साफ करायच्या, असं सगळं होतं. ते वाचून तिचं धाबं दणाणलं. रॉयस आपल्याला मारणार हे याने धरूनच ठेवलंय, असं तिला वाटलं. आज पहाटे तर भांड्यांचा आवाज ऐकून ती उठली, तेव्हा वेंडेल स्वयंपाकघरात एकेक डबा उघडून बघत होता. "कॉफी शोधतोय," म्हणाला. कॉफी त्याच्या नाकासमोर ओट्यावर होती. भीतीने माणसाचं डोकं फिरतं ते असं, असं मनाशी म्हणत तिने त्याला कॉफी करून दिली.

आणि आता रॉयस आलाच होता. पिठाच्या डब्यात हात घालून तिने किल्ली काढली खरी, पण शेड अंगणापलीकडे, आणि अंगणात तो उभा.

वेंडेल खोलीतून बाहेर आला. त्याच्या हातात ती लोखंडी पेटी होती.

"दार उघड."

"वेड लागलंय का तुला? रिकाम्या पिस्तुलाने काय करणार आहेस?"

त्याने तिचा हात बाजूला करून कडी काढली. त्याची बोटं गार पडली होती. रॉयस पायरीपर्यंत आला होता. या पाच आठवड्यांत तोही वाळला होता. नोरीन दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिली.

"याच्या केसाला धक्का तर लावून बघ! आधी माझ्याशी गाठ आहे."

"बाजूला हो, नोरीन," रॉयस हळूच म्हणाला. "एकाला पुरलं. आणखी कोणाला पुरायची ताकद नाही माझ्यात."

वेंडेलने तिच्या खांद्यावरून पेटी पुढे केली. रॉयसने ती घेतली, गाडीत सीटच्या मागे ठेवली आणि गाडीला कुलूप लावलं. परत आला तो पायरीवरच बसला, आणि वेंडेलचा दंड धरून त्यालाही त्याने शेजारी बसवलं. मग नोरीनपुढे हात पसरला. किल्ली मागत होता. तिने मूठ घट्ट आवळली.

"गोळ्याही नेणार? आणि आम्ही काय करायचं? कोणाला बोलावलंयस तू घरी, वेंडेल?"

बोलला तो रॉयसच.

"पहाटे याचा फोन आला होता. म्हणाला, बायकोने किल्ली लपवलीय आणि मी ती रात्रभर शोधतोय. मला सापडायच्या आत ये."