डब्यामागची बारीक अक्षरं

"चष्मा द्या इकडे," ती म्हणाली.

नवऱ्याने लगबगीने चष्मा दिला. प्रोटीन पावडरचा डबा तिच्या मांडीवर होता. सोनेरी झाकण, पुढच्या बाजूला दंड फुगवलेला माणूस. तिने त्या माणसाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. डबा फिरवला आणि मागची बारीक अक्षरं वाचायला लागली.

खुब्याचं ऑपरेशन होऊन अडीच महिने झाले होते. हाड केव्हाच जुळलं होतं. पण न्हाणीघरात पाय घसरून ते मोडलं तेव्हापासून तिने जमिनीची धास्तीच घेतली होती. पलंग ते न्हाणीघर आणि परत, एवढंच काय ते चालणं. वॉकर कोपऱ्यात उभा होता आणि त्याच्यावर टॉवेल वाळत होते. जेवण म्हणजे दोन घास. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी काल स्पष्टच बोलली होती, "काकू, मांडीचे स्नायू झिजत चाललेत. पोटात प्रथिनं गेली पाहिजेत आणि रोज घराबाहेर चाललं पाहिजे. नाहीतर मग हा पलंगच." त्यावर तिने भिंतीकडे तोंड केलं होतं.

आणि आज सकाळी नवरा हा डबा घेऊन आला. जन्मभर त्याने लोकांचे कपडे शिवले. मापात सुताइतकी चूक व्हायची नाही. पण बाजारात कोणीही त्याच्या गळ्यात काहीही मारावं, असा माणूस. निदान तिचं तसं मत होतं.

"साखर," ती म्हणाली. "घटकांमध्ये पहिलं नाव साखरेचं. जे सगळ्यात जास्त, ते पहिलं लिहितात. म्हणजे तुम्ही साखर आणलीत."

"पण उत्तम दर्जा असं लिहिलंय ना त्यावर."

"लिहायला काय जातं? तीस ग्रॅमच्या चमच्यात प्रथिनं नऊ ग्रॅम. आणि हे ग्लायसिन बघा. स्वस्तातला माल घालून आकडा फुगवलाय. यंत्र बापडं नुसता नायट्रोजन मोजून प्रथिनांचा आकडा देतं. नायट्रोजन आला कुठून, ते माणसाने शोधायचं असतं."

तिचा आवाज चढला होता. सत्तावीस वर्षं ती अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत होती. अडीच महिन्यांत ती एवढं सलग बोलली नव्हती, हे तिच्या लक्षातही आलं नाही.

"सील फोडलं नाही ना? बदलून आणा."

"आणतो की. पण कोणता आणू? तिथे भिंतभर डबे आहेत. मला सगळे सारखेच दिसतात."

तिने समजावून सांगितलं. त्याने मान हलवली आणि सगळं उलटंसुलटं करून परत सांगितलं. तिने पुन्हा सांगितलं. त्याने पुन्हा घोळ घातला.

"राहू दे," ती वैतागली. "तुमच्याच्याने व्हायचं नाही. तो वॉकर आणा."

त्याने टॉवेल काढले, वॉकर तिच्यापुढे ठेवला.

दाराबाहेर तीन पायऱ्या होत्या. पहिलीवरच ती थबकली. परत फिरावं असं वाटलं. मग नवऱ्याच्या काखेतला तो सोनेरी डबा दिसला आणि तिने रागारागाने दुसऱ्या पायरीवर पाय टाकला. पुढे दुकानापर्यंत दोनेकशे पावलं. वाटेत एकदा सलूनबाहेरच्या बाकावर टेकली, इतकंच.

दुकानात तिने काउंटरला रेलून एकेक डबा काढायला लावला. कशात साखर, कशात घटकांचं प्रमाणच दडवलेलं, कशाच्या तपासणीचा पत्ता नाही. सातव्या डब्यापाशी ती थांबली. चमच्यामागे चोवीस ग्रॅम प्रथिनं, घटक मोजून तीन, बॅचनुसार तपासणीचा अहवाल. डबा दिसायला अगदीच साधा.

"हा," ती म्हणाली. कपाळावर घाम होता आणि कित्येक दिवसांनी तिला कडकडून भूक लागली होती.

काउंटरमागच्या मुलीने डबा हातात घेतला आणि गोंधळून नवऱ्याकडे पाहिलं.

"काका, सकाळी मी तुम्हाला हाच तर काढून दिला होता. तुम्हीच म्हणालात, हा नको, दुकानातला सगळ्यात भिकार डबा द्या."