बापूंची विहीर

माइक सुरू करण्याआधी शालनने तपासणीचा कागद पुन्हा वाचला. बापूंच्या विहिरीत फ्लोराइड मर्यादेच्या तिप्पट होतं. वर्षानुवर्षं असं पाणी प्यायल्यावर हाडं वाकतात. आणि गावाने मिळून उभारलेल्या या रेडिओला खोली दिली होती ती बापूंनीच.

“नाव घेऊन वाच,” शेजारी बसलेले बापू म्हणाले. “नाहीतर लोकांना कळायचं कसं?”

तिने नाव घेऊन वाचलं.

बातम्या संपवून दोघं विहिरीवर आले, तर तिथे रोजच्या दुप्पट बायका. “खोली त्यांनी द्यायची, आणि तू त्यांच्याच पाण्याला नावं ठेवायचीस!” एकीने शालनला फटकारलं. “बापू, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. आम्ही इथलंच पिणार.”

“अगं बायांनो, खरंच नका पिऊ!” बापूंनी हात जोडले.

“बघा, किती दुखावलेत,” बायका हळहळल्या आणि भराभर पोहरा ओढू लागल्या.

शेवटी बापूंनी विळा आणून दोरच कापला. पोहरा खाली आपटला. मग शालनची आई पुढे झाली आणि मायेने म्हणाली, “असू द्या, बापू. आमच्या घरी नवा दोर आहे. आत्ता आणते.”