पारेकाकांची वजाबाकी

दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी तपासणीचा दिवा बंद केला आणि सांगितलं, "डोळे ठणठणीत आहेत."

पारेकाका खुर्चीतून उठले नाहीत. "पुन्हा बघा," ते म्हणाले.

"तीनदा बघितले. चष्म्याचा नंबर तोच. मोतीबिंदूचा पत्ता नाही. या वयात माझे असे राहिले तर मी भरून पावले."

"पण मला चुकीचं दिसतं."

"घरीही तेच आहे," मागच्या बाकावरून त्यांची बायको म्हणाली. "नाकासमोरचा डबा दिसत नाही. माझी चूक मात्र मैलावरून दिसते."

डॉक्टरबाई हसल्या. काका हसले नाहीत.

ते हवामान केंद्रावर निरीक्षक होते. केंद्र म्हणजे कुंपण घातलेला मोकळा तुकडा, त्यात झडपांची पांढरी लाकडी पेटी, पेटीत तापमापक. बाजूच्या खोलीत टेबल, नोंदवही आणि फोन. एकतीस वर्षं रोज दुपारी तीन वाजता ते पेटी उघडत, पारा वाचत आणि आकडा मुख्य कार्यालयाला कळवत. गावाने त्यांना पारेकाका करून टाकलं होतं. खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं होतं.

तीन उन्हाळ्यांपूर्वी एका दुपारी त्यांना सेहेचाळीस पूर्णांक दोन दिसले. गावात पारा चव्वेचाळीसच्या वर कधीच गेला नव्हता. त्यांनी दिसलं ते कळवलं. फोनवरचा साहेब म्हणाला, "काका, हे होऊच शकत नाही. यंत्र तपासून घ्या, नाहीतर चष्मा बदला. तोवर हा आकडा मी धरत नाही."

आठवड्याने तपासनीस आला. यंत्र अचूक असल्याचा शेरा देऊन गेला. काकांचा हिशेब सरळ होता. यंत्र बरोबर, म्हणजे डोळा चूक. निवृत्तीला पाच वर्षं होती आणि डोळे गेलेल्या निरीक्षकाला कोणी ठेवून घेत नाही. त्या दिवसापासून पारा चव्वेचाळीसच्या पुढे दिसला की ते मनातल्या मनात दोन वजा करत आणि मगच लिहीत. वहीत एकही खाडाखोड नव्हती. साहेबाचा फोन पुन्हा आला नाही.

या वर्षी दोन पुरेनात. काल तीन वजा करावे लागले. डोळे झपाट्याने जाताहेत, असं वाटून ते आज इथे आले होते.

हे सगळं त्यांनी खाली मान घालून सांगितलं. मग पिशवीतून रुमालात गुंडाळलेला जादाचा तापमापक काढला. एकदा चढलेला पारा झटकेपर्यंत जागच्या जागी धरून ठेवणारा.

डॉक्टरबाईंनी वाडग्यात गरम पाणी घेऊन तो बुडवला. बाहेर काढून भिंगातून वाचला, आकडा चिठ्ठीवर लिहिला आणि चिठ्ठी पालथी ठेवली. काकांनी तापमापक डोळ्यांसमोर आडवा धरला.

"सत्तेचाळीस पूर्णांक सहा."

चिठ्ठीवर तेच होतं. पारा झटकून, पाणी बदलून पुन्हा तेच केलं. पुन्हा दोघांचे आकडे जुळले.

"काका, वाडग्यात बरोबर आणि पेटीत जास्त दिसणारा आजार मी तरी शिकलेले नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या.

बायकोची थट्टा थांबली होती.

परतताना मोठ्या रस्त्यावर डांबर टाकणं चालू होतं. डोक्याला ओली फडकी बांधलेली माणसं खडी पसरत होती. पंचेचाळीस कळवले गेले की गावातली उघड्यावरची सगळी कामं बंद करायची, असा नियम होता. नियम होऊन चार वर्षं झाली होती आणि काम एकदाही बंद झालं नव्हतं. दोन उन्हाळ्यांपूर्वी याच रस्त्यावर दोन मजूर दुपारी सावलीला म्हणून टेकले ते उठलेच नाहीत. चौकशी झाली. त्या दिवसाचं तापमान त्रेचाळीस पूर्णांक नऊ निघालं, म्हणून उन्हाचा विषय तिथेच मिटला. तो आकडा काकांच्या अक्षरात होता.

"वजा करा म्हणून कोणी सांगितलं होतं?" बायकोने विचारलं.

काकांनी रुमालातला तापमापक पिशवीत आणखी खोल सरकवला.

"एवढ्या वर्षांत माझा एक शब्द ऐकला नाहीत. आणि फोनवरच्या त्या माणसाचं एका वाक्यात ऐकलंत."

तीन वाजता त्यांनी पेटी उघडली. सत्तेचाळीस पूर्णांक एक. तसेच्या तसे वहीत लिहिले आणि फोन केला.

"काका, जरा बघून सांगा हो," साहेब म्हणाला.

"बघितलं. डोळेसुद्धा तपासून आलो. आणि साहेब, मागचे तीन उन्हाळे मी कमी करून सांगितलेत."

फोनवर जरा वेळ कागद चाळल्याचा आवाज आला. "शेजारच्या केंद्रावर चव्वेचाळीस पूर्णांक आठ आहे. तिन्ही वर्षं त्यांचे आणि तुमचे आकडे हातात हात घालून चाललेत. आता तुमच्या एकट्याच्या गावाला वेगळा सूर्य दिलाय का? खात्री होईपर्यंत आजचा आकडा मी बाजूला ठेवतो. कामं बंद करायचा आदेश निघणार नाही."

काकांनी फोन ठेवला. शेजारच्या केंद्रावर लंबू होता. दोघे एकाच तुकडीत शिकले होते. पारा वाचताना श्वास रोखून धरणारा माणूस. खात्यात त्याच्याइतका काटेकोर दुसरा नव्हता. त्याला चव्वेचाळीस दिसले असतील तर चव्वेचाळीसच. मग डॉक्टरबाई चुकल्या असतील, चिठ्ठी चुकली असेल.

त्यांनी नंबर फिरवला.

"लंब्या, एक विचारतो. खरं सांग. तुझे डोळे कसे आहेत?"

पलीकडे खुर्ची सरकली. कोणीतरी दार लावून घेतलं.

"हळू बोल," लंबू म्हणाला. "मला जास्त दिसतं, हे तुला कोणी सांगितलं?"