बाबांच्या कॉम्प्युटरचं बटण

“पुन्हा तारच निघाली आहे,” कॅबिनेटच्या पोटात डोकं घालून ती म्हणाली.

वडील मागे टॉर्च धरून उभे होते. त्यांनी घसा खाकरला. “तार नाही. बटणच गेलंय. दुकानदार म्हणाला. हे बघ, नवं आणलंय.”

त्यांनी शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी काढली. आत अंगठ्याच्या पेराएवढं काळं बटण होतं आणि त्याला शेपटासारख्या दोन बारीक तारा.

“तुम्ही स्वतः दुकानात गेलात?”

“न जाऊन सांगतो कोणाला! शेजारच्या काकू परवा भर जिन्यात विचारतात, ‘काय हो, लेक यावी म्हणून तुम्हीच मोडून ठेवता ना?’ सगळे खो खो हसले. मी कशाला मोडून ठेवू?”

“तुम्ही कशाला ठेवाल,” ती म्हणाली आणि स्क्रू ड्रायव्हर मागितला.

वडिलांनी आयुष्यात कोणाला ‘ये’ म्हटलं नव्हतं. गेल्या वर्षी ते तापाने फणफणले होते. तिला ते कळलं ताप उतरल्यावर, तेही काकूंकडून. “त्यात सांगण्यासारखं काय होतं?” असं वर त्यांनीच विचारलं होतं. आई गेल्यापासून ते रोज कॉम्प्युटरशी बुद्धिबळ खेळायचे आणि रोज हरायचे. तो बंद पडला, की मात्र त्याच दिवशी फोन यायचा. “डबा चालू होत नाहीये.” एवढंच. मग ती रजा टाकून यायची आणि दिवसभर राहायची.

“प्लग काढलास?”

“काढलाय.”

“पुन्हा बघ.”

“बाबा, मी काय लहान आहे?”

“ठमाबाई, वीज वय विचारत नाही.”

तिने कॅबिनेटचं पुढचं प्लास्टिक खालून ओढलं. ते कटकन निघालं. जुनं बटण हातात घेऊन तिने दाबून पाहिलं. टक् असा स्वच्छ आवाज झाला.

“वाजतंय की,” वडील म्हणाले.

“वाजलं म्हणजे चाललं असं थोडंच असतं.”

“तेही खरं. काकूही वाजतातच.”

ती हसली. नवं बटण खाचेत बसवून तिने तारा आतून ओवून घेतल्या आणि त्यांचं टोक मदरबोर्डच्या दोन पिनांवर नीट दाबून बसवलं. प्लग लावला.

“तुम्ही दाबा.”

वडिलांनी एका बोटाने, दाराची बेल वाजवावी तसं बटण दाबलं. पंखा घुमला. थोड्या वेळाने पडद्यावर बुद्धिबळाचा पट उमटला.

“वा!” ते म्हणाले. टॉर्च मात्र त्यांच्या हातात पेटलेलीच राहिली. “सुटलीस बाई एकदाची. आता ऊठसूट फोन करून तुला त्रास नको द्यायला.”

“त्रास कसला.”

“तसं नाही. तुझं ऑफिस, तुझं घर. मला कळत नाही का?” त्यांनी टॉर्च विझवली, पुन्हा लावली, पुन्हा विझवली. “बरंच झालं. बटण चांगलं दणकट आहे. माझ्यानंतरही चालेल.”

“बाबा, काहीतरी काय बोलता!”

“दुकानदार म्हणाला, मी नाही. जेवून जाशील ना?”

“जेवूनच जाईन. तोवर हे बंद करून झाकण लावते.”

“लाव. मी पानं घेतो.”

ते आत गेले. भांड्यांचा आवाज येऊ लागला. तिने कॉम्प्युटर बंद केला, प्लग काढला आणि झाकण लावण्याआधी आत हात घातला. नव्या बटणाच्या तारांचं टोक तिने चिमटीत धरलं आणि पंख्याच्या थरथरीने पंधरवड्यात सुटेल इतकं सैल केलं, दर वेळी करायची तसंच.